‘मॅबुया’ची ‘युट्रोपिस’ कशी झाली? साताऱ्यातील एका बरणीवरून पडलेला प्रश्न

यवतेश्वरची वाट (धागाकर्ता)

साताऱ्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बरीच वर्षे जीवशास्त्र शिकवले. निवृत्त होऊन चार वर्षे झाली, तरी मागील महिन्यात प्रयोगशाळेतील जुन्या बरण्या आवरायच्या होत्या म्हणून मला बोलावणे आले. कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवर फॉर्मेलिनमध्ये बुडवलेली एक सापसुरळी सापडली. बरणीवरच्या चिठ्ठीवर निळ्या शाईने ‘मॅबुया कॅरिनाटा, सातारा’ एवढेच लिहिलेले होते. हाताशी मदतीला असलेल्या बारावीच्या मुलीने मोबाइलवर शोधून सांगितले, “सर, हे नाव आता चालत नाही. युट्रोपिस कॅरिनाटा म्हणायचे.” नाव बदलले आहे हे मला ऐकून माहीत होते, परंतु का बदलले हे तिने विचारले तेव्हा “शास्त्रज्ञांनी बदलले” यापलीकडे मला काही सांगता आले नाही, आणि हे उत्तर नव्हे हे तिच्याआधी माझ्याच लक्षात आले.

या धाग्यावर वर्गीकरणाचा अभ्यास असलेले लोक आहेत, म्हणून विचारतो. आमच्या अंगणात, गोठ्यात आणि दगडी बांधावर उन्हाला बसणारा हा प्राणी तोच राहिला असताना त्याच्या प्रजातीचे नाव का बदलावे लागले? आणि बरणीवरच्या चिठ्ठीचे मी काय करावे?

माणदेशी

सर, आमच्या दहिवडीकडे हिला सापाची मावशी म्हणतात आणि ती डसली तर माणूस पाणी मागत नाही असेही म्हणतात. लहानपणी त्या भीतीपायी किती सापसुरळ्या दगडाखाली चिरडल्या गेल्या याची गणतीच नाही. तिला विष मुळीच नसते, हे मला वयाच्या पंचविशीत कळले. नावाच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही, वाचायला बसलो आहे.

खवले मोजणारी

सर, आधी एका शब्दाचा निकाल लावते, कारण पुढचा सगळा घोटाळा तेथूनच होतो. मराठी परिभाषेत कुलाखालचा गट म्हणजे ‘प्रजाती’ आणि तिच्याखालचा गट म्हणजे ‘जाती’. हल्ली वर्तमानपत्रांत हिंदीच्या वळणाने ‘प्रजाती’ हा शब्द जातीच्या अर्थाने वापरला जातो आणि मग ‘नवी प्रजाती सापडली’ अशा बातमीतून नेमके काय सापडले हेच कळत नाही. मी येथे जुन्या परिभाषेप्रमाणे लिहिते : युट्रोपिस ही प्रजाती, कॅरिनाटा ही त्यातील जाती, आणि सिन्सिडी हे दीड हजारांहून अधिक जातींचे कुल.

आता मूळ प्रश्न. प्राणिशास्त्रज्ञ फिट्झिंगर यांनी १८२६ साली मॅबुया हे नाव दिले ते अमेरिकेतील सापसुरळ्यांसाठी. ‘माबूया’ हा कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांचा शब्द असून त्याचा अर्थ दुष्ट आत्मा असा सांगतात, म्हणजे माणदेशातील भीती तेथेही होतीच म्हणायची. पुढे एकोणिसाव्या शतकात जगभरातून नमुने संग्रहालयांत येऊ लागले, तेव्हा चार धड पाय, प्रत्येक पायाला पाच बोटे, चकचकीत खवले, मध्यम बांधा आणि जमिनीवरचे जगणे अशी ठेवण दिसली की तो प्राणी मॅबुयात टाकायचा अशी रीत पडली. बूलेंजर यांच्या १८८७ च्या सूचीत आणि माल्कम स्मिथ यांच्या १९३५ च्या भारतीय सरड्यांवरील ग्रंथात आपल्या सापसुरळ्या याच नावाखाली आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरीस या एका प्रजातीत आशिया, आफ्रिका आणि अमेरिका मिळून शंभरावर जाती जमल्या होत्या.

अडचण अशी की ही ठेवण म्हणजे या सगळ्या गटाचा मूळचा, जुना साचा आहे. पाय आखूड होणे किंवा शरीर गांडुळासारखे लांबणे असे वेगळे वळण ज्यांनी घेतले नाही ते सगळे एकसारखे दिसणारच, आणि म्हणून त्या सारखेपणावरून जवळचे नाते सिद्ध होत नाही. आपल्याकडचेच उदाहरण देते. सातारा-सांगलीत पाटील आडनावाची घरे गावोगाव आहेत, पण पाटीलकी हे वतन होते आणि ते निरनिराळ्या कुळांकडे होते. सगळ्या पाटलांची एकच वंशावळ मांडायला बसलात तर पहिल्या दोन पिढ्यांतच कागद फाटेल. मॅबुया हे सापसुरळ्यांतील पाटील आडनाव झाले होते.

शंकेखोर

उपमा चांगली आहे, पण मग आडनाव बदलण्याची गरज काय? पाटील पाटीलच राहतात. खवल्यांवरून ओळख पटत होती, पुस्तके तयार होती, विद्यार्थ्यांना पाठ होते. एवढ्या वर्षांची घडी मोडून काय मिळवले?

खवले मोजणारी

प्रश्न रास्त आहे. आडनावाला वंशावळीचे बंधन नसते, प्रजातीला आता ते आहे. एक पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज मिळून जो गट होतो त्यालाच नाव द्यायचे, मधल्या कोणाला वगळायचे नाही आणि बाहेरच्या कोणाला आत घ्यायचे नाही, हा आजच्या वर्गीकरणाचा पाया आहे. माउसफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली डीएनएच्या आधारे मॅबुयाची तपासणी केली. तिचे निमित्तही मजेशीर आहे. ब्राझीलच्या किनाऱ्यापासून सुमारे साडेतीनशे किलोमीटर आत, अटलांटिक महासागरात, फर्नांदो दे नोरोन्या नावाचा छोटा द्वीपसमूह आहे. तेथील सापसुरळी दक्षिण अमेरिकेच्या शेजारी राहत असूनही नात्याने आफ्रिकेची निघाली. म्हणजे तिचे पूर्वज केव्हातरी वाहत्या ओंडक्यांवरून महासागर ओलांडून आले असले पाहिजेत. एवढ्या मोठ्या गटात कोण कोणाचा, हे नुसत्या रूपावरून ठरवता येत नाही याचा याहून स्वच्छ पुरावा कोणता असेल?

या अभ्यासात मॅबुयाचे चार भाग झाले. अमेरिकेतील जातींकडे मॅबुया हे नाव राहिले, कारण नावाचा सातबारा त्यांच्याच नावे होता. प्रजातीचे नाव ज्या जातीवर बेतलेले असते ती प्ररूप जाती ज्या गटात जाईल तिकडे नाव जाते. केप व्हर्द बेटांवरील जातींना कायोनिनिया, आफ्रिका व मादागास्करमधील जातींना युप्रेपिस आणि आशियातील जातींना युट्रोपिस अशी वाटणी झाली. यांतले एकही नाव नव्याने घडवलेले नव्हते. युट्रोपिस हे फिट्झिंगर यांनीच १८४३ साली आग्नेय आशियातील मल्टिफॅसिएटा या जातीसाठी दिलेले होते आणि दीडशेहून अधिक वर्षे अडगळीत पडून होते. ते झाडून पुसून वापरात आणले, इतकेच.

ग्रीक भाषेत ‘ट्रोपिस’ म्हणजे जहाजाच्या तळाची कणा-पट्टी आणि ‘यु’ म्हणजे चांगले. खवल्यावरच्या उभ्या उंचवट्याला वर्गीकरणात कणाच म्हणतात. लॅटिनमधील ‘कॅरिना’चा अर्थही तोच. तेव्हा युट्रोपिस कॅरिनाटा या नावात एकच गोष्ट दोन भाषांत दोनदा सांगितली आहे.

मिरजकर

एक शंका. वर आपण आफ्रिकेतील प्रजातीला युप्रेपिस म्हटले आहे, पण मी वाचलेल्या सगळ्या ठिकाणी ट्रॅकिलेपिस असे आहे. यांतले बरोबर कोणते?

दुसरे म्हणजे, आमच्या मिरजेच्या घरी कुंड्या हलवल्या की कधीकधी लालभडक शेपटीचे एक लहानसे पिल्लू वळवळत बाहेर पडते. पाय इतके आखूड की ते पायांवर चालते की पोटावर सरकते हेही चटकन कळत नाही. ती युट्रोपिसच का?

खवले मोजणारी

मिरजकर, आपले दोन प्रश्न वेगळे दिसतात, पण ते एकाच ठिकाणी येऊन मिळतात, आणि या धाग्यातील मला सर्वांत आवडणारा भाग तोच आहे.

आपल्या कुंडीतील पिल्लू बहुधा रिओपा पंक्टाटाचे असावे. पाठीवर ठिपक्यांच्या ओळी, आखूड पाय, लांबट अंग आणि लहानपणी लाल शेपटी ही तिची ठेवण. रिओपाच्या अन्य जातींतही पिल्लांची शेपटी तांबूस असू शकते, तेव्हा छायाचित्र टाकल्याशिवाय मी शिक्का मारणार नाही. ती युट्रोपिस नव्हे हे मात्र नक्की.

आता हीच पंक्टाटा पाहा. लिनीअस यांनी १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत तिला ‘लॅसर्टा पंक्टाटा’ म्हणून नोंदवले. त्या काळी जवळजवळ प्रत्येक सरडा लॅसर्टा असे. वॅग्लर यांनी १८३० साली युप्रेपिस हे नाव दिले आणि त्याची प्ररूप जाती ठरली ती हीच लॅसर्टा पंक्टाटा. २००२ साली आफ्रिकी जातींना युप्रेपिस म्हटले गेले, तेव्हा ते नाव आफ्रिकी गटाच्या मालकीचे आहे असे गृहीत होते. बाउअर यांनी २००३ साली लिनीअसच्या त्या जातीची ओळख पुन्हा तपासली आणि दाखवून दिले की ती आफ्रिकी गटातली नसून भारत-श्रीलंकेतील आपली ठिपकेवाली सापसुरळी आहे. प्ररूप जाती आपल्याकडची निघाल्यावर नाव आफ्रिकेत राहणे शक्यच नव्हते. मग त्या जातींसाठी फिट्झिंगर यांच्या १८४३ च्याच ग्रंथातील ट्रॅकिलेपिस हे नाव घेतले गेले. त्याचा अर्थ खरखरीत खवल्यांची. तेव्हा आपण वाचले ते बरोबर, आणि मी २००२ ची वाटणी सांगत होते म्हणून माझेही चूक नव्हते. आफ्रिकेतील ढीगभर जातींचे नाव वर्षभरात बदलले, ते आपल्या उकिरड्यावर आणि कुंडीखाली राहणाऱ्या एका प्राण्यामुळे.

पंक्टाटाचे स्वतःचे नावही स्थिर राहिले नाही. ती बराच काळ लायगोसोमा म्हणून ओळखली गेली. फ्रेटास आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली त्या गटाची फेरमांडणी केली तेव्हा भारतातील जातींसाठी ग्रे यांचे १८३९ चे रिओपा हे नाव पुन्हा आले. लायगोसोमा नपुंसकलिंगी असल्यामुळे काटेकोर लिहायचे तर ‘पंक्टाटम’ आणि रिओपा स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘पंक्टाटा’. काळा घोडा, काळी घोडी, काळे घोडे अशी सवय असलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागू नये, पण इंग्रजीतून शिकलेली मुले येथे हमखास अडतात.

शंकेखोर

लिनीअसचे ठीक आहे. पण हे असेच चालू राहिले तर दहा वर्षांनी युट्रोपिसही जाईल, आणि सरांनी चिकटवलेली नवी चिठ्ठी पुन्हा काढावी लागेल.

खवले मोजणारी

थोडेसे गेलेच आहे. म्यानमारकडील नोव्हेमकॅरिनाटा ही जाती युट्रोपिसमध्ये बसत नाही असे दिसून आले आणि २०१६ साली तिच्यासाठी टोएनायार ही वेगळी प्रजाती करण्यात आली. मात्र आपल्याकडच्या जातींबाबत उलट घडले आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कारंथ यांच्या गटाने, दत्ता-रॉय आणि इतरांसह, २०१२ साली आशियाई युट्रोपिसचा वंशवृक्ष मांडला. त्यात भारतीय जाती एकमेकींच्या सख्ख्या निघाल्या : आग्नेय आशियाकडून पूर्वज आले आणि येथेच त्यांच्या वंशाला फांद्या फुटल्या. म्हणजे साताऱ्याच्या बांधावरची सापसुरळी आणि आंध्रातील नागार्जुनकोंड्याजवळची सापसुरळी यांचे नाते, यांपैकी कोणाही एकीच्या इंडोनेशियातील जातीशी असलेल्या नात्यापेक्षा जवळचे आहे. या पायावर उभे असलेले नाव सहज हलत नाही.

सगळेच बदल मान्य होतात असेही नाही. हेजेस आणि कॉन यांनी २०१२ साली कॅरिबियन बेटांवरील २४ नव्या जाती वर्णिल्या, उरलेल्या अमेरिकी मॅबुयाचे अनेक तुकडे केले आणि सिन्सिडी कुलच फोडून मॅबुयिडी असे निराळे कुल सुचवले. कुल फोडण्याची ती सूचना बहुतेकांनी स्वीकारली नाही. माझेही मत तेच आहे. जुन्या गटात परके घुसले असतील तर तो फोडलाच पाहिजे, पण एकसंध असलेला गट केवळ मोठा आहे म्हणून फोडणे हा सोयीचा प्रश्न आहे, आणि सोय प्रत्येकाची वेगळी असते.

तासगावकर

मी द्राक्षबागायतदार आहे, शास्त्रातला नव्हे. वाचून एक विचारावेसे वाटले. सापसुरळी अंडी घालते की पिल्ले? बागेत पालापाचोळ्याच्या ढिगाखाली मला पांढरी लांबट अंडी मिळाली होती आणि सालगड्याने ती सापाची म्हणून फेकून दिली.

खवले मोजणारी

दादा, आपल्याकडची कॅरिनाटा अंडी घालते. आपण पाहिलेली तिचीच होती का, हे मात्र वर्णनावरून सांगता येणार नाही. तुमचा प्रश्न वर्गीकरणाच्या ऐन मध्यावर पडतो. आशियातील युट्रोपिस बहुतांशी अंडी घालतात, मल्टिफॅसिएटा पिल्ले देते. आफ्रिकेतील ट्रॅकिलेपिसमध्ये दोन्ही प्रकार आहेत. अमेरिकेतील खऱ्याखुऱ्या मॅबुया मात्र पिल्लेच देतात, आणि त्याही अशा की त्यांचे बीजांड जेमतेम एक मिलिमीटरचे असते आणि पिल्लाच्या पोषणाचा ९९ टक्क्यांहून अधिक भाग आईकडून वारेवाटे (गर्भाला आईशी जोडणाऱ्या अवयवातून) मिळतो. सस्तन प्राण्यांच्या इतके जवळ जाणारे उदाहरण सरपटणाऱ्या प्राण्यांत विरळाच. अंडी घालणारी तासगावची सापसुरळी आणि वार असलेली ब्राझीलची सापसुरळी यांना आपण शंभर वर्षांहून अधिक काळ एकाच प्रजातीत बसवले होते, हे शंकेखोर यांनी ध्यानात घ्यावे.

सर, आता तुमच्या बरणीकडे येते. चिठ्ठीवरचे पहिले नाव बदलले हे खरे, पण दुसरे नाव बरोबर आहे याची खात्री कोणी केली आहे का? साताऱ्यात कॅरिनाटाबरोबर युट्रोपिसचीच मॅक्युलेरिया ही दुसरी जातीही सर्रास आढळते. प्राणी काढून, भरपूर पाण्यात धुऊन, धडाच्या मध्यावर खवल्यांच्या ओळी मोजाव्यात. कॅरिनाटात साधारण ३० ते ३४ भरतात, मॅक्युलेरियात बहुधा त्याहून कमी. मग पाठीच्या खवल्यावरचे कणे मोजा. कॅरिनाटात ते सहसा तीन ते पाच, कधी सात. मॅक्युलेरियात पाच ते नऊ. आकडे एकमेकांवर चढतात, म्हणून एका खवल्यावर विसंबू नका. खालची पापणीही पाहून ठेवा. ती खवल्यांची आहे की मधोमध काचेसारखी पारदर्शक खिडकी आहे? खिडकी असेल तर या दोन्ही जाती बाद, कारण ती डिसिमिलिससारख्या जातींची खूण आहे. हातमोजे घाला आणि खिडक्या उघड्या ठेवा.

माणदेशी

एवढे बारीक काम आमच्याच्याने होणे नाही. सर, निकाल कळवा.

यवतेश्वरची वाट (धागाकर्ता)

दोन दुपारी त्यात गेल्या. ओल्या अंगावर कणे दिसतच नाहीत, सगळी पाठ आरशासारखी चमकते. टिपकागदाने टिपून, पाच-सात मिनिटे वाळू देऊन, टेबलावरचा दिवा बाजूने आडवा धरला तेव्हा एकेका खवल्यावर नांगरटीच्या तासांसारख्या रेघा उठून दिसल्या. भिंगाखाली अकरा खवले मोजले. सात खवल्यांवर सात कणे, तिघांवर पाच, एकावर मला आठ दिसले आणि त्या मुलीला सात. ओळी मोजताना पोटाकडे येईतो दोनदा हिशेब चुकला, म्हणून तिने पहिल्या खवल्यापाशी टाचणी टेकवून धरली आणि मी मोजत गेलो. तीन वेळा २८ भरल्या. खालची पापणी खवल्यांची आहे. डोक्याच्या टोकापासून गुदद्वारापर्यंत लांबी साडेसहा सेंटिमीटर, शेपटी तुटून पुन्हा उगवलेली.

म्हणजे मी ज्या नावाने ही बरणी वर्गात मिरवली, ती मुळात कॅरिनाटा नव्हतीच. प्रजातीचे नाव तरी काळाच्या ओघात बदलले, जातीचे नाव पहिल्या दिवसापासून चुकलेले होते, आणि पट्टी घेऊन मोजायचे मला कधी सुचले नाही.

खवले मोजणारी

छान मोजणी केलीत, सर. २८ ओळी आणि सात कणे म्हणजे कौल मॅक्युलेरियाकडे झुकतो. तरीही ठाम लिहू नका असे सुचवते. ब्लाइथ यांनी १८५३ साली वर्णिलेल्या मॅक्युलेरिया या एका नावाखाली एकाहून अधिक जाती दडलेल्या असाव्यात असा संशय अभ्यासकांना आहे. शिवाय तिच्या तोंडवळ्याची अल्लापल्लेन्सिस ही जाती तर महाराष्ट्राचीच. श्मिट यांनी १९२६ साली तिचे वर्णन केले ते तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील, आजच्या गडचिरोलीतील, आलापल्लीच्या जंगलातल्या नमुन्यावरून. फॉर्मेलिनमध्ये वर्षानुवर्षे राहिलेल्या शरीरातून डीएनए काढणे अवघड असते, तेव्हा तेथून लगेच मदत मिळेल अशी आशा नको.

जुनी चिठ्ठी मात्र काढू नका. संग्रहालयात प्रत्येक नवी ओळख वेगळ्या चिठ्ठीवर, तारखेसह लिहून आधीच्या चिठ्ठीशेजारी ठेवतात. नमुना कोठून आला याची तुमच्याकडे आहे तेवढी माहिती त्या जुन्या कागदावरच आहे, आणि ‘सातारा’ म्हणजे शहर की जिल्हा, कासचा सडा की माणचा माळ, हे विचारायला ती लिहिणारी व्यक्तीही कदाचित आता सापडणार नाही.

यवतेश्वरची वाट (धागाकर्ता)

ते अक्षर माझ्याआधीच्या सरांचे आहे, ते आता नाहीत. चिठ्ठी तशीच ठेवली. नवी चिठ्ठी त्या मुलीकडून शिसपेन्सिलीने लिहून घेतली, कारण शाई फॉर्मेलिनच्या वाफेने पसरते. तीवर असे आहे : ‘युट्रोपिस, मॅक्युलेरियासारखी. मध्यधड ओळी २८, कणे ५ ते ७, एका खवल्यावर ८ (?). खालची पापणी खवल्यांची. ठिकाण : जुनी चिठ्ठी पाहावी.’ आठापुढचे प्रश्नचिन्ह तिने स्वतःहून घातले.

यवतेश्वरच्या घाटात कठड्यावर रोज सकाळी एक मोठी सापसुरळी उन्हाला बसते, शेपटीसकट फूटभराच्या जवळ जाणारी. ती कॅरिनाटा असावी असे वाटते. उद्या कॅमेरा घेऊन जातो. पाठ स्पष्ट आली तर छायाचित्र याच धाग्यावर टाकतो.